बारा तासांची शिफ्ट, आठ तासांची मर्यादा: रसायनांच्या संपर्काबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे बारा तासांची शिफ्ट चालते. हवेत कोणतं रसायन किती चालेल हे सांगणाऱ्या तक्त्यातली मर्यादा आम्हाला तशीच लागू पडते ना?

नाही पडत. एखाद्या सॉल्व्हंटपुढे १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) असं छापलेलं असतं, तेव्हा त्या आकड्याच्या पोटात एक वेळापत्रक धरलेलं असतं. दिवसाला आठ तास काम, त्यानंतर सोळा तास स्वच्छ हवा, आठवड्याला पाच दिवस म्हणजे चाळीस तास, आणि शेवटी दोन दिवस सुट्टी. मर्यादा ठरवताना जो कामगार डोळ्यांपुढे होता, तो असा जगत होता.

शिफ्ट बारा तासांची झाली की दोन गोष्टी एकदम बदलतात. रसायन शरीरात जायला चार तास जास्त मिळतात आणि बाहेर पडायला चार तास कमी. पहिली गोष्ट कोणीही बोटांवर मोजून सांगतो. दुसरी बैठकीत निघतच नाही. काही रसायनांच्या बाबतीत मात्र खरा घोळ दुसरीच घालते: कालचं अजून अंगात असताना आजचं सुरू होतं.

मग मर्यादा किती खाली आणायची? एखादं सोपं सूत्र?

आहे. ब्रीफ आणि स्काला या दोघांनी १९७५ मध्ये मांडलेलं सूत्र आजही सगळ्यात जास्त वापरलं जातं, कारण त्याला रसायनाबद्दल काहीच माहिती लागत नाही. रोजच्या कामाचे तास घ्या. आठला त्या तासांनी भागा. मग चोवीसातून तेच तास वजा करून उरलेल्याला सोळाने भागा. दोन्ही उत्तरांचा गुणाकार म्हणजे कपातीचा गुणक.

बारा तासांसाठी करून बघू. ८ भागिले १२ म्हणजे ०.६७. उरलेले तास १२, भागिले १६ म्हणजे ०.७५. गुणाकार ०.५. म्हणजे १०० पीपीएमची मर्यादा ५० वर आली. दहा तासांच्या शिफ्टला गुणक ०.७ येतो, नऊ तासांना ०.८३, आणि सोळा तासांच्या डबल ड्यूटीला थेट ०.२५.

सूत्राचा पहिला भाग जास्तीच्या संपर्काचा आणि दुसरा हुकलेल्या विश्रांतीचा, हे लक्षात ठेवलं तर पाठ करावं लागत नाही. चोवीस तास घालून पाहिलंत तर उत्तर शून्य येतं. तो सूत्राचा दोष नाही. विश्रांतीच उरली नाही तर हे गणित लागू नाही, एवढंच ते सांगतं.

आठवड्याचे सातही दिवस काम असेल तर रोजच्याऐवजी आठवड्याचे तास धरतात: ४० भागिले आठवड्याचे तास, गुणिले (१६८ वजा ते तास) भागिले १२८. रोज आठ तास पण सात दिवस, म्हणजे ५६ तास असतील तर गुणक ०.६३ च्या आसपास. बारा तास सात दिवस, म्हणजे ८४ तास, तर ०.३१.

हाच गुणक सगळ्या रसायनांना लावायचा का?

लावला तर कामगाराचं नुकसान नाही, पण काही ठिकाणी उगीचच कडक होतो. अमोनिया आणि शिसं हे एका माळेतले मणी नाहीत. अमोनिया डोळ्यांना, घशाला झोंबतो; तो किती झोंबतो हे त्या क्षणी हवेत किती आहे त्यावर ठरतं, सकाळपासून किती साठला यावर फारसं नाही. शिसं आत्ता काहीच जाणवू देत नाही आणि वर्षानुवर्षं हाडांत जाऊन बसतं.

म्हणून अनेक व्यवस्थांमध्ये रसायनांची आधी वर्गवारी करतात. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या आयआरएसएसटी या संशोधन संस्थेची पद्धत या बाबतीत मला सगळ्यात समंजस वाटते. निव्वळ झोंबणाऱ्या रसायनांची मर्यादा हलवायची नाही. एका दिवसाच्या संपर्कातून त्रास देणाऱ्यांसाठी ८ भागिले रोजचे तास. साठत जाणाऱ्यांसाठी ४० भागिले आठवड्याचे तास. दोन्ही गुण असलेल्यांसाठी दोन्ही गणितं करायची आणि जे कडक निघेल ते घ्यायचं.

यात विश्रांतीचा वेगळा भाग नाही, म्हणून बारा तासांना ०.५ ऐवजी ०.६७ येतो. रसायनाची नीट माहिती हाताशी असेल तर ही वर्गवारी वापरा. रसायनाबरोबर येणारी सुरक्षेची डेटा शीट वाचूनही शंका उरत असेल तर ब्रीफ-स्काला.

डेटा शीटवर ‘अर्धायुष्य’ लिहिलेलं असतं. त्याचा इथे काय संबंध?

सगळा खेळच त्याचा आहे. शरीरातल्या रसायनाचा साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ म्हणजे जैविक अर्धायुष्य. हिकी आणि रीस्ट यांनी १९७७ मध्ये हाच धागा धरून वेगळी पद्धत मांडली. प्रश्न साधा होता: नेहमीच्या वेळापत्रकात शरीरातला साठा ज्या उंचीपर्यंत चढतो, नव्या वेळापत्रकातही त्याच्या वर जाऊ नये, तर हवेत किती चालेल?

रोज बारा तास, आठवड्याला तेच पाच दिवस, असं धरून गणित केलं तर चित्र असं दिसतं. अर्धायुष्य तासाभराचं असेल तर गुणक जवळजवळ १, कारण आठ तासांतच साठा आपल्या शिखराला पोचलेला असतो आणि पुढचे चार तास त्यात भर घालत नाहीत. अर्धायुष्य चार तासांचं असेल तर ०.८६. आठ तासांचं असेल तर ०.७७. आणि महिन्यांचं किंवा वर्षांचं असेल तर तो घसरत घसरत ०.६७ वर येतो, म्हणजे सरळ तासांचं प्रमाण.

कार्बन मोनॉक्साइड घ्या. विश्रांतीत, साध्या हवेत रक्तातून तो निम्मा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात. वरच्या हिशोबाने बारा तासांना ०.८५ च्या जवळपास गुणक पुरावा. ब्रीफ-स्काला ०.५ सांगतं. एवढी तफावत बघून सेफ्टी कमिटीत हमखास कोणीतरी म्हणतं, मग सोपं सूत्र खोटंच की! खोटं नाही, आंधळं आहे. समोर कोणतं रसायन आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून ते जास्त जपून पाऊल टाकतं.

एक पुस्ती जोडतो. डायक्लोरोमिथेन, म्हणजे रंग खरवडायच्या द्रावणात सापडणारं मिथिलिन क्लोराइड, शरीरात गेल्यावर त्याचं काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइडच बनतं. माणूस घरी पोचला तरी ते बनणं चालूच असतं. त्यामुळे कागदावर ज्या तासांना आपण ‘स्वच्छ’ म्हणतो, ते आतून तितके स्वच्छ नसतात. अशा रसायनाला केवळ त्याच्या स्वतःच्या अर्धायुष्यावरून सूट देऊ नये.

शिशासाठी वेगळा नियम आहे असं ऐकलं. खरं का?

खरं. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने १९७८ च्या शिशाच्या मानकातच ही तरतूद केली. आठ तासांना मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. त्यापेक्षा जास्त तास काम असेल तर ४०० ला तासांनी भागायचं. दहा तासांना ४०, बारा तासांना ३३. सूत्र कायद्यातच लिहिलेलं असलं की वाद घालायला जागा उरत नाही. बाकीच्या रसायनांनाही असं मिळालं असतं तर माझा निम्मा पत्रव्यवहार टळला असता.

आम्ही आठ तासांची भारित सरासरी काढली, आणि शिवाय मर्यादाही कमी केली. आकडे भलतेच वाईट आले. बरोबर केलं का?

एकच कपात दोनदा झाली. ही चूक मी इतक्या अहवालांत पाहिली आहे की आता पहिलं पान उलटायच्या आधी तीच शोधतो.

समजा मर्यादा ६० पीपीएम आहे आणि पूर्ण बारा तासांची सरासरी ४० पीपीएम आली. पहिली रीत: संपर्क आठ तासांवर आणा. ४० गुणिले १२, भागिले ८, म्हणजे ६०. मर्यादा ६०. काठावर. ब्रिटनच्या ईएच४० या मर्यादांच्या अधिकृत पुस्तिकेत हीच पद्धत आहे: शिफ्ट कितीही लांब असो, चोवीस तासांतला सगळा संपर्क गोळा करून आठनेच भागायचा. दुसरी रीत: संपर्क ४० च राहू द्या आणि मर्यादा ६० गुणिले ८ भागिले १२ करून ४० वर आणा. उत्तर तेच, काठावर.

दोन्ही एकदम केलंत तर ६० ची तुलना ४० शी होते आणि मर्यादा दीडपट ओलांडल्यासारखी दिसते. काहीच केलं नाही तर ४० ची तुलना ६० शी होते आणि ‘मर्यादेच्या ६७ टक्के, समाधानकारक’ असा शेरा पडतो. मोजमाप एकच, हवेचा नमुना ओढणारा पंप तोच, माणूस तोच.

ब्रीफ-स्काला वापरत असाल तर बारा तासांची खरी सरासरी, म्हणजे ४०, घ्या आणि ती ३० शी ताडून बघा. इथे मर्यादा एक तृतीयांशाने ओलांडली गेली आहे. आठवर आणलेला आकडा या सूत्रासमोर ठेवायचा नाही. अहवालात एक ओळ जरूर लिहा: सरासरी किती तासांची, मर्यादा कोणत्या पद्धतीने बदलली. ती ओळ नसेल तर पुढचा वाचणारा अंदाजच बांधणार.

पंधरा मिनिटांची मर्यादा आणि सीलिंग यांचं काय?

त्यांना हात लावायचा नाही. सीलिंग म्हणजे एका क्षणासाठीही ओलांडायची नाही अशी रेषा. शिफ्ट चार तासांची असो की चौदा, ती हलत नाही. पंधरा मिनिटांच्या, म्हणजे अल्पकालीन मर्यादेचंही तसंच. एसीजीआयएच या अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेच्या सूचनांप्रमाणे आठ तासांच्या सरासरीची रेषा ओलांडून या मर्यादेपर्यंत जाणारे झटके दिवसातून चारपेक्षा जास्त नकोत आणि मध्ये किमान एक तासाचं अंतर हवं. शिफ्ट लांब झाली म्हणून चाराचे सहा करायचे नाहीत.

चार दिवस दहा तास, तीन दिवस सुट्टी. आठवड्याचे चाळीसच होतात. तरी कपात?

साठत जाणारं, मंद गतीने बाहेर पडणारं रसायन असेल तर नको. आठवड्याचा हिशोब जुळतो. त्याच दिवशी त्रास देणारं असेल तर हवी: ८ भागिले १०, म्हणजे ०.८, किंवा ब्रीफ-स्कालाने ०.७. शुक्रवारची सुट्टी मंगळवारच्या दहाव्या तासाला कामाला येत नाही.

चौदा दिवस काम, चौदा दिवस घरी. हा हिशोब कसा मांडायचा?

इथे मतं फुटतात, म्हणून माझं सांगतो. बारा तासांनी चौदा दिवस म्हणजे कामाच्या आठवड्यात ८४ तास, पण अठ्ठावीस दिवसांच्या पूर्ण चक्राची सरासरी काढली तर आठवड्याला ४२. कॅडमियमसारखं, मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं मुक्काम ठोकणारं काही असेल तर चक्राची सरासरी धरणं रास्त आहे. शरीर तिथे आठवडे मोजत बसत नाही. ज्यांचं अर्धायुष्य काही तासांपासून काही दिवसांपर्यंत आहे, त्यांच्या बाबतीत मात्र ४२ चा आधार घेणं म्हणजे डोळ्यांत धूळ. चौदाव्या दिवशी साठा शिखरावर असतो आणि घरचे चौदा दिवस त्या शिखराला मागे जाऊन खाली आणत नाहीत. तिथे ८४ च धरा.

शिवाय असं काम बहुधा मुक्कामाचं असतं, आणि सूत्रातले विश्रांतीचे तास स्वच्छ हवेतले धरलेले आहेत. झोपायच्या खोल्यांची हवा प्लांटच्याच वाऱ्यातून येत असेल, धुळीचे कपडे त्याच खोलीत खुंटीला लागत असतील, तर दुसऱ्या भागातलं गणितच कोसळतं. गुणक काढायच्या आधी त्या खोलीत एक नमुना लावून या.

आमची शिफ्ट सहा तासांचीच आहे. मर्यादा वाढवून घेऊ का?

नको. ब्रीफ-स्कालाच्या सूत्रात सहा घातले तर १.५ येतो, सूत्र कोणाला अडवत नाही, आपणच थांबायचं असतं. कपात फक्त खाली.

शिफ्ट आठचीच, पण जोडीदार आला नाही तर सोळा तास थांबावं लागतं. अशा एखाद्या दिवसासाठी कोण गणित करत बसणार?

त्या दिवशी कोणीच करणार नाही, म्हणून आधी करून ठेवायचं. सोळा तासांना गुणक ०.२५ आहे. आठ तासांत मर्यादेच्या ४० टक्क्यांवर असलेली जागा त्या रात्री मर्यादेच्या वर जाते. म्हणून दर जागेसाठी एक छोटी यादी करा: नेहमीचं मोजमाप मर्यादेच्या चौथा हिस्सा किंवा त्याखाली असेल तिथेच डबल ड्यूटी, बाकी ठिकाणी दुसऱ्या आठ तासांना माणसाची जागा बदलायची. ही यादी सुपरवायझरच्या टेबलाच्या काचेखाली हवी. सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात असून उपयोग नाही, तो रात्री अकराला घरी असतो.

लांब शिफ्टमध्ये हवेचे नमुने घेताना काय वेगळं करायचं?

पूर्ण शिफ्ट मोजा. सांगायला सोपं आहे. एका ठिकाणी अहवाल वर्षानुवर्षं छान येत होते. बारा तासांची शिफ्ट सकाळी आठला सुरू व्हायची. नमुने घेणारा माणूस पंप आठला लावायचा आणि चारला काढून गाडीत ठेवायचा, कारण त्याची स्वतःची ड्यूटी आठ तासांची. रिअ‍ॅक्टरचं झाकण उघडून आतून धुण्याचं काम मात्र रोज संध्याकाळी सहा ते सात. म्हणजे दिवसातला सगळ्यात घाण तास एकदाही नमुन्याच्या ट्यूबमध्ये गेला नव्हता. तिथे मीही दोन अहवालांवर सही केली होती, हे लपवत नाही.

बारा तास एकच कोळशाची ट्यूब लावून ठेवू नका. ती भरली की पुढचा माल मागच्या थरात उतरतो आणि आकडा खरा येत नाही. दोन-तीन ट्यूब बदलत घ्या, प्रत्येकीची वेळ लिहा, पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर तपासा. बॅटरी बारा तास टिकते का, हे घरून निघण्यापूर्वी बघा. आणि प्रयोगशाळेला मूळ मर्यादा न कळवता कपात केलेली कळवा. मर्यादा चौथ्या हिश्श्यावर आली तर त्यांची मोजायची रीत तेवढं खालचं पकडू शकते का, हे त्यांनी आधी सांगायला हवं.

हवेतला वायू मोजणारा गॅस मीटर स्वतःच सरासरी दाखवतो. तेवढं पुरे?

त्याच्या सेटिंगमध्ये काय आहे ते बघा. बहुतेक मीटर जमा झालेल्या संपर्काला आठने भागतात आणि बाराव्या तासालाही आठनेच भागत राहतात. म्हणजे तुम्ही न सांगता त्याने ८ भागिले १२ ची कपात करून टाकली आहे. अशा मीटरमधला अलार्मही तुम्ही निम्म्यावर आणलात तर वर सांगितलेली दुहेरी कपात इथे पुन्हा होते. पुस्तिकेत एक परिच्छेद असतो, तो वाचा.

मास्क आहे ना. मग एवढं कशाला?

कारण मास्कची निवडही याच आकड्यावर होते. हवेत ४०० पीपीएम, मर्यादा ५०: आठपट. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला दहापटीपर्यंत संरक्षण धरतात, म्हणजे चालला. बारा तासांसाठी मर्यादा २५ झाली की तीच हवा सोळापट ठरते आणि तोच मास्क अपुरा. पूर्ण चेहऱ्याचा लागेल. मास्कचं कार्ट्रिज (गाळणी) बदलायचं वेळापत्रकही आठ तासांवर बेतलेलं असेल तर ते नवं करा. आणि बारा तास घट्ट मास्क कोण लावून बसतो? नवव्या तासाला तो हनुवटीखाली असतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

एकाच वेळी दोन-तीन सॉल्व्हंट असतील तर?

एकाच अवयवावर परिणाम करणारी असतील तर प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या कपात केलेल्या मर्यादेने भागा आणि बेरीज करा. ती १ च्या वर जाऊ नये. एक ०.३०, दुसरं ०.३५, बेरीज ०.६५, असं निवांत दिसणारं मिश्रण मर्यादा निम्म्या केल्यावर १.३० होतं.

रक्त-लघवीच्या तपासणीचे मापदंडही बदलायचे का?

त्यांना असा गुणक लावत नाहीत. तेही आठ तास, पाच दिवस धरूनच ठरवलेले असतात, पण शरीरातली पातळी थेट दाखवत असल्याने उलट जास्त उपयोगी पडतात. नमुन्याची वेळ मात्र पाळा. ‘शिफ्ट संपताना’ म्हणजे तुमची शिफ्ट संपताना. ‘आठवड्याच्या शेवटी’ म्हणजे चक्रातल्या शेवटच्या कामाच्या दिवशी, मग तो बुधवार का असेना. कपात केलेल्या मर्यादेमागे मूळ मर्यादेसारखा वर्षांचा अनुभव नसतो, म्हणून नवं वेळापत्रक सुरू होताना पहिले काही महिने डॉक्टरांची देखरेख ठेवावी, असं एसीजीआयएचही सुचवतं.

कॅन्सर किंवा अ‍ॅलर्जी करणाऱ्या रसायनांना कोणता गुणक?

गुणकावर विसंबू नका. आयसोसायनेटची (पॉलियुरेथेनच्या फोममध्ये, रंगांत वापरतात ते रसायन) अ‍ॅलर्जी एकदा जडली की अगदी थोड्या प्रमाणातही दम लागू शकतो. तिथे निम्मी मर्यादा म्हणजे काही कवच नव्हे. ज्ञात कर्करोगकारकांना मशीन बंदिस्त करून, जागेवरूनच हवा ओढून जितकं खाली आणता येईल तितकं आणा. आणि त्वचेतून शिरणाऱ्या रसायनांना हवेतलं कुठलंच गणित पकडत नाही.

व्यवस्थापन म्हणतं, कायद्यात कपात लिहिलेली नाही.

अनेक ठिकाणी ते खरं असतं. अमेरिकेतही शिसं सोडलं तर बहुतेक मर्यादा आठ तासांच्याच आहेत. लांब शिफ्टमध्ये निरीक्षक सगळ्यात वाईट आठ तास निवडून मोजू शकतो, एवढंच. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते आधी वाचा, आणि तो गप्प असेल तर कपात अंतर्गत मर्यादा म्हणून लावा. मग बैठकीत गुणकावर भांडू नका. त्याच जागेचा आठ तासांचा आणि बारा तासांचा आकडा एकाच कागदावर शेजारी लिहा, खाली बाराव्या तासाला तिथे उभ्या असलेल्या ऑपरेटरचं नाव लिहा, आणि कागद टेबलावरून पुढे सरकवा.